मुलांची फळी, मुलींची फळी

नागपुरात मला पहिल्यांदा कुणी "भाऊ" म्हटलं ते किराणा दुकानात. आक्कासाठी हिंग आणायला गेले होते. दुकानदारानं विचारलं, "अजून काय देऊ?" मी म्हटलं, "आता नको, उद्या येतो मी परत." त्यानं मान वर करून माझ्या पदराकडं पाहिलं, वेणीकडं पाहिलं, आणि आत पोत्यावर बसलेल्या माणसाला म्हणाला, "आयकलं काय गा? हे भाऊ उद्या परत येऊन राहिले." दोघं हसले. मीपण हसले, कारण काय झालं ते मला कळलंच नव्हतं. घरी येऊन आक्काला सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, इथं बायका 'येतो' म्हणत न्हाईत. 'येते' म्हणतात."

"मग तू काय म्हणतीस?"

"मी काय बी म्हणत न्हाई. मी बाहेर माझ्याबद्दल बोलतच न्हाई."

आमच्या कोल्हापूरकडं बाई स्वतःबद्दल बोलताना मी आलो, मी जेवलो, मी जातो असंच म्हणते. शेजारीण आली की "ती आली"च. स्वतःपुरतं मात्र "मी आलो". आईनं आम्हा पाचजणांच्या बाळंतपणात "मेलो गं बाई" म्हणूनच ओरडा केला असणार. त्यानं ती पुरुष झाली नाही. आमच्या गल्लीत कुणाला त्यात काही दिसायचंच नाही. आपल्या घराला वास असतो तो आपल्याला येत नाही, तसं.

माझी शाळा सातवीनंतर सुटली. वडील गेले, मागं धाकटी तीन, मी घरात लागले. पुढं सहा वर्षांनी आमच्या दाजींची, म्हणजे आक्काच्या मालकांची, बदली नागपूरला झाली. ते तारखात्यात होते. आक्काचं तिसरं बाळंतपण अवघड गेलं होतं, अंगावरची सूज उतरत नव्हती, म्हणून तिच्याबरोबर मला धाडलं. सहा महिन्यांसाठी. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष होतं. ते सहा महिने अजून संपायचेत.

आक्का हिंडूफिरू लागली तशी मला काळजी लागली. आता आपलं इथं काय काम? दाजी चांगले होते, कधी तोंडानं बोलले नाहीत, पण दोन खोल्यांत सहा माणसं. मी जेवताना दुसरी भाकरी घेताना विचार करायची. गावी परत जायचं तर तिथंही एक ताट वाढणारच. अशात मोठ्या बाई भेटल्या.

लकडगंजात लाकडाच्या वखारी आणि आरा मशीनच्या गल्लीत एक महिला मंडळ बालवाडी चालवायचं. मोठ्या बाई निवृत्त शिक्षिका, मंडळाच्या सर्वेसर्वा. आधीची बाई लग्न होऊन गेली होती. दाजींच्या ओळखीतून मी त्यांच्यापुढं उभी राहिले.

"शिक्षण किती?"

"सातवी."

वाटलं, संपलं. बाई म्हणाल्या, "रडणारं मूल गप्प करायला कितवीत शिकवतात? कुठेच नाही ना? मग चालेल."

हे वाक्य मी आयुष्यभर विसरले नाही. पुढं त्यांच्यावर मला जो राग आला, जो अजूनही अधूनमधून येतो, तो या वाक्याला वळसा घालून येतो. त्या बाईंनी मला उभं केलं, हे आधी लिहून ठेवते.

आनंदाच्या भरात मी म्हटलं होतं, "मी करतो बाई, सगळं करतो." बाईंनी चष्मा काढला. "करते," त्या म्हणाल्या. "हे बघ, इथे येणाऱ्या लेकरांच्या घरी कुणी 'मले' म्हणतं, कुणी 'तुले', बायका 'मी आली, मी गेली' म्हणतात. निम्म्यांच्या घरी तर नुसती हिंदी. त्यांना शुद्ध कुठे ऐकायला मिळणार? तुझ्या तोंडून. तीन महिने तात्पुरती ठेवते. सरकारी खात्याच्या बाई तपासणीला येतील, त्यांनी पसंत केलं की कायम. पण ही भाषा तेवढी सोड."

तेवढी सोड! चप्पल सोडावी उंबऱ्याबाहेर, तसं.

बालवाडी म्हणजे जुनं लाकडाचं गोदाम. वर पत्रा, खाली सारवलेली जमीन, आणि सगळीकडं सागवानाचा वास. शेजारी आरा मशीन चालू झालं की गाणं थांबवावं लागायचं, बंद झालं की पुढची ओळ. मुलांच्या केसांत सुद्धा भुसा असायचा. सकाळी गाणी, मग गोष्ट, मग सुकडीचा खाऊ, मग खेळ. हजेरीची मात्र मोठ्या बाईंनी एक नामी रीत काढली होती. दाराशी दोन फळ्या ठोकल्या होत्या, एक मुलांची, एक मुलींची, दोन्हीला ओळीनं खिळे. आरा मशीनवरच्या टाकाऊ तुकड्यांच्या गोल चकत्या करून त्यांवर चित्रं काढली होती: आंबा, घागर, मासा, चिमणी. मुलानं यायचं, टोपलीतून आपली चकती शोधायची आणि आपल्या फळीवर अडकवायची. अक्षरओळख नसलेलं लेकरू स्वतःची हजेरी स्वतः लावायचं. मोजायला मला सोपं, आणि मुलांना त्याचा केवढा अभिमान!

मी माझी भाषा सोडायला घेतली. सकाळी शेगडीपुढं बसून पुटपुटायची, मी आले, मी बसले, मी वाढते. दाजी आंघोळीला जाता जाता म्हणायचे, "मंत्र चाललाय काय?" चुकायचं नाही असं ठरवलं की माणूस गप्पच बसतं. म्हणजे आक्कासारखं. पण बालवाडीत गप्प बसून कसं चालेल? "मी आता एक गोष्ट सांगते" असं म्हणायला मला एक क्षण थांबावं लागायचं, आणि त्या एका क्षणात चार पोरं उठून पळालेली असायची. गोष्ट रंगात आली की सगळं विसरायला व्हायचं. कोल्ही म्हणायची, "थांब, मीच जातो नदीवर!" मुलं खूष. कोल्हीला काय आणि मुलांना काय.

आणि एक दिवस आरा मशीनच्या मुनीमजींच्या घरून बाई आल्या. त्यांची मुलगी माझ्याकडं होती, घागरीच्या चकतीवाली.

"काय वं बाई, काय शिकवून राहिल्या तुमी?" त्या दारातूनच म्हणाल्या. "आमची पोरगी काल ताटावर बसून म्हनते, 'आई, मी जेवतो.' तिचे बाबा म्हनाले, हे कोन बोललं? पाहते तर हे! पोरीले पोट्टा बनवून राहिल्या काय?"

मी म्हटलं, "चुकून आलं असेल माझ्या तोंडून."

"चुकून कसं येते? आमच्या तोंडून नाई येत कधी चुकून." मग जरा जवळ येऊन, हळू आवाजात, "तुमच्याकडच्या साऱ्याच बाया अशा बोलतात? मंग मानसं काय बोलतात?"

"तसंच."

"मंग कोन कोन आहे ते समजते कसं वं?"

अंधारात बोलतो काय आम्ही, असं म्हणायचं तोंडाशी आलं होतं. म्हटलं नाही. आमच्याकडं आई कोण आणि बाप कोण हे ओळखायला लेकरांना आजवर कधी अडचण आली नव्हती. पण मी तात्पुरती होते. मी म्हटलं, "माफ करा, पुन्हा होणार नाही."

ती गोष्ट गल्लीभर झाली. नळावरच्या बायका "भाऊ, आधी तुमी भरून घ्या" म्हणायला लागल्या. त्यात दुष्टपणा नव्हता, करमणूक होती. पण रोज कुणाची तरी करमणूक होऊन घरी यायचं म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. मोठ्या बाईंनी मला बसवून सांगितलं, तपासणीच्या आधी हे पूर्ण गेलं पाहिजे, मंडळात तक्रार आली आहे.

त्याच आठवड्यात चिमणीच्या चकतीचं लेकरू आलं.

आई त्याला कडेवर घेऊन आली. ती वखारीत लाकडाची साल आणि ढलप्या वेचायची, भुशाची पोती भरायची. लेकराला लाल फ्रॉक, दोन बारीक वेण्या, हातात काचेच्या बांगड्या आणि उजव्या नाकपुडीत बारीकशी तार. सव्वाचार वर्षांचं असेल. आईनं त्याला खाली उतरवलं आणि मला बाजूला घेतलं.

"बाई, पोट्टा आहे हा. पन पोट्टी म्हना. ह्याच्या आदीचे दोन गेले, दोन्ही पोट्टे. देवीले बोलली आहे मी, पाच वर्सं पोट्टी म्हनूनच वाढवीन. घरी, दारी, कोनीच पोट्टा म्हनत नाई. मोठ्यानं बोलू नका. आयकते ना."

कोण ऐकतं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या गावीही अशी मुलं होती, नाकं टोचलेली, नकोशी नावं ठेवलेली. मी विश्वास ठेवते का? आज विचाराल तर नाही. पण त्या बाईच्या डोळ्यांपुढं उभं राहून नाही म्हणायला मी कोण? मी तिला म्हटलं, "तुम्ही जावा कामाला. मी बघतो सगळं, काळजी करू नका."

निसटलंच. मी जीभ चावली. ती हसली नाही. माझ्याकडं बघत राहिली, आणि मग तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

"तुमी बी काय बाई? तुमच्या मायनं बी बोललं होतं काय देवीले? पोट्टा म्हनून वाढवलं तुमाले?"

मला आधी अर्थच लागेना. लागला तेव्हा नाही म्हणायला पाहिजे होतं. आमच्याकडं सगळ्याच बायका असं बोलतात, एवढं एक वाक्य. पण नागपुरात आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझं बोलणं ऐकून हसलं नव्हतं. मी मान हलवली.

"अजून नाई फिटला नवस?"

मी पुन्हा मान हलवली. कशी हलवली, हो म्हणून का नाही म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही.

"फिटन," ती म्हणाली. "माह्या पोट्टीले तुमच्याचपाशी ठेवते मी. तुमाले समजते."

लेकरानं टोपलीतून चिमणी उचलली आणि काहीही न विचारता मुलींच्या फळीवर अडकवली, घागरीच्या शेजारी.

पुढचे दोन महिने ही बाई रोज सकाळी यायची, आणि दारात उभं राहून आम्ही चार वाक्यं बोलायचो. तिच्याशी मी माझ्या आईसारखं बोलायची. "आज उशिरा आलो बघा." "मी वाट बघत होतो." आख्ख्या नागपुरात तेवढी एक जागा, दाराच्या चौकटीतली, जिथं मला आधी विचार करून बोलावं लागत नव्हतं. ती जागा खोट्यावर उभी होती, हे मला रोज ठाऊक होतं.

गल्लीनं त्या लेकराला काय केलं असेल? काहीच नाही. मला त्याचाच संताप यायचा. त्याच मुनीमीणबाई, ज्यांना त्यांच्या मुलीच्या एका "जेवतो"नं घास गिळेना झाला होता, त्या या लेकराचा गाल ओढून म्हणायच्या, "कशी वं भवाने, आज लवकर आली?" नळावरच्या बायका त्याच्या वेण्या घालून द्यायच्या. आरा मशीनवरचे दांडगे गडी त्याला "ए बाई" म्हणून हाक मारायचे. एकाचीही जीभ कधी अडखळली नाही. म्हणजे जीभ वळते. पाहिजे असलं तर सगळ्या गल्लीची एका दिवसात वळते. माझ्यासाठी वळवायची गरज नव्हती, एवढंच. मला तर त्यांनी जीभ वळवायला नको होती, नुसतं ऐकून सोडून दिलं असतं तरी पुरलं असतं.

मी एकदा धीर करून मुनीमीणबाईंना म्हटलं, "त्याला मुलगी म्हणता, ते चालतं?"

"अवं, तो नवस होय!" त्या म्हणाल्या. "तुमचं काय होय?"

माझं काय होतं, सांगा. माझी आई होती.

मोठ्या बाईंना मात्र ते चालत नव्हतं, आणि त्यांचंही म्हणणं मी नीट सांगायला पाहिजे, कारण त्या वाईट नव्हत्या. त्यांनी हजेरीवहीत "मुलगा" लिहिलं आणि लेकराच्या आईला बोलावून घेतलं. मी मधे उभी.

"तू घरी काय म्हणायचं ते म्हण," बाई म्हणाल्या. "पण ही शिक्षणाची जागा आहे. उद्या हा पहिलीत जाईल, मुलं चिडवतील. त्यालाही कळायला नको का तो कोण आहे ते?"

"कळन नं बाई. आदी जगू तर द्या."

"फ्रॉक घातला म्हणून कुणी जगत नाही आणि सदरा घातला म्हणून कुणी मरत नाही. डॉक्टरला दाखवलं होतंस का त्या दोघांना?"

"दाखवलं होतं," ती म्हणाली. "डाक्टरनं दोघाईले पोट्टाच म्हटलं होतं."

बाईंनी हजेरीवही मिटली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तू काय म्हणतेस?"

मी काहीच म्हटलं नाही. दोघींनाही वाटलं मी आपल्या बाजूची आहे. भित्र्या माणसाचा हाच गुण असतो.

वर्गात मी एक पळवाट काढली. सगळ्यांनाच लेकरू म्हणायला लागले. "कोणतं लेकरू रडतंय? चिमणीवालं लेकरू इकडं आलं का?" आया बोलतातच तसं. कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मला वाटलं, निभावलं. पाच वर्षं पुरी व्हायला आता सात-आठ महिनेच होते, तेवढं ओढून नेऊ. पण फळ्यांना पळवाट नव्हती. फळ्या दोनच होत्या.

तपासणीच्या आदल्या दिवशी बाई म्हणाल्या, "वहीत मुलगे चौदा आहेत. फळीवर तेरा दिसतात. उद्या चौदा दिसले पाहिजेत. तुझ्या कायम होण्याचा प्रश्न आहे, माझ्या नव्हे."

सकाळी कुणी यायच्या आत मी टोपलीतून चिमणी काढली आणि मुलांच्या फळीवर अडकवली. मुलांचं चित्त थाऱ्यावर राहावं म्हणून त्या दिवशी मीच सगळ्यांच्या चकत्या लावून ठेवल्या होत्या. असं मी स्वतःला सांगितलं.

खात्याच्या बाई आल्या. पांढरी साडी, हातात कापडी पिशवी, बोलायला प्रेमळ. मुलं ओळीनं येत होती. चिमणीवालं लेकरू आईचं बोट धरून आलं, टोपलीत बघितलं, टोपली रिकामी. फळीकडं बघितलं. मग टाचा वर करून त्यानं मुलांच्या फळीवरची चिमणी काढली आणि नेहमीच्या खिळ्यावर, घागरीच्या शेजारी लावली. चूक दुरुस्त करावी तशी. आणि माझ्याकडं बघून हसलं. बाईंची चूक आपण सुधारली म्हणून.

खात्याच्या बाईंना मौज वाटली. "अरे वा! हा मुलगा की मुलगी?"

 शेजारचं आरा मशीन त्या दिवशी नेमकं बंद होतं. मोठ्या बाई माझ्याकडं बघत होत्या. लेकराची आई दारातच होती, डोक्यावर भुशाचं रिकामं पोतं गुंडाळून, अजून गेली नव्हती. मला वाटतं ती मला बघायलाच थांबली होती. उद्या तुमची परीक्षा आहे ना, असं तिनं आदल्या दिवशी विचारलं होतं.

मी म्हटलं, "मुलगा आहे बाई. चुकतो कधीकधी."

आणि मी चकती काढून मुलांच्या फळीवर लावली. "ये रे राजा. इकडं बस, मुलांत."

मोठ्यानं म्हटलं. स्वच्छ म्हटलं. सगळ्या गोदामाला ऐकू गेलं. लेकरू हललं नाही. त्यानं आईकडं बघितलं. ती आत आली, त्याला उचललं आणि पोत्याचं टोक त्याच्या तोंडावरून ओढून घेतलं, जसं काही ऊन लागत होतं. खात्याच्या बाई तोवर मला विचारत होत्या, "गाणी, गोष्टी सगळं तुम्ही एकट्या घेता?"

"हो," मी म्हटलं. "मीच शिकवते."

एकही क्षण न थांबता आलं ते. तीन महिन्यांचा मंत्र ऐन वेळी फळला. लेकराची आई उंबऱ्यावर पोचली होती. ती एकदा वळली, माझ्याकडं बघितलं आणि गेली.

मी कायम झाले. खात्याच्या बाईंनी शेऱ्यात लिहिलं की शिक्षिकेची भाषा शुद्ध आहे. मोठ्या बाईंनी घरी बोलावून शिरा खाऊ घातला, पाठीवरून हात फिरवला. दाजींनी पेढे वाटले. आक्का रडली. मला प्रशिक्षणाला पाठवणार होते. सातवी शिकलेल्या मुलीला! मी सगळ्यांच्या पाया पडले, आणि ते मनापासून होतं. माझा पेढा मात्र मी आक्काच्या पोरांत वाटून टाकला.

ते लेकरू पुन्हा आलं नाही. चिमणी मुलांच्या फळीवरच लटकत राहिली, कारण ती काढायची म्हणजे कुठं ठेवायची हे मला ठरवता येईना. मोठ्या बाई एकदा म्हणाल्या, "अंधश्रद्धेपुढे आपण किती पुरे पडणार? तू योग्यच केलंस." योग्य होतं ते. वहीप्रमाणं योग्य, शिक्षणाप्रमाणं योग्य. मग मला त्या लेकराच्या आईच्या वखारीपुढून जाता का येत नव्हतं? मी लांबच्या रस्त्यानं यायला लागले. त्या आईनं येऊन मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वाटायचं.

मला चीड कशाची आली, ते इतक्या वर्षांनी नीट सांगता येतं. त्या लेकराला काय म्हणायचं यावर बाई बोलल्या, आई बोलली, वही बोलली, फळी बोलली. मला काय म्हणायचं यावर किराणावाला बोलला, नळ बोलला, मुनीमीण बोलली. आम्हां दोघांना कुणी विचारलं नाही. आणि आम्हां दोघांतलं एक मोठं होतं, त्याला तोंड होतं. त्यानं ते कशासाठी वापरलं, तर दुसऱ्याला गप्प करायला.

प्रशिक्षणाला जायच्या आधी, म्हणजे सात-आठ महिन्यांनी, मी चिमणी काढून पदरात बांधली आणि वखारीत गेले. लेकराची आई ढलप्यांच्या ढिगापाशी बसली होती. लेकरू सागाच्या ओंडक्यावर चढून उड्या मारत होतं. चड्डी, सदरा, केस बारीक कापलेले. नाकातली तार गेली होती, भोक तेवढं होतं.

"अबे, खाली उतर, पडशीन!" ती ओरडली. मग मला बघितलं. उठली नाही, पण बाजूची ढलपी सारून जागा केली.

"फिटला काय नवस?" मी विचारलं.

"फिटला. मागच्या महिन्यात केस देले देवीले." थोडा वेळ ती सालपटं निवडत राहिली. "तुमी तसं बोलल्या, अन् तिसऱ्या दिवशी ताप चढला त्याले. नऊ दिवस उतरला नाई. मी पोत्यात गुंडाळून घेऊन बसली होती. कामाले बी नाई आली." तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. "तुमच्यानं आला असं नाई म्हनत मी. पोराईले ताप येतेच."

मी चकती तिच्यापुढं ठेवली. माफी मागायला तोंड उघडलं, पण कशाकशाची मागायची? लेकरू धावत आलं, चकती उचलली, उलटीपालटी करून बघितली, चिमणीवर बोट फिरवलं आणि विचारलं, "बाई, आता कोन्या फळीवर लावाची?"

"तुला पाहिजे तिथं," मी म्हटलं. जे उत्तर द्यायची वेळ होती तेव्हा दिलं नाही, ते आता दिलं, जेव्हा त्याची गरज नव्हती. ते ओंडक्याकडं पळून गेलं.

ती हसली. मग काहीतरी आठवल्यासारखं विचारलं, "अन् बाई, तुमचा कवा फिटला?"

"काय?"

"नवस. त्या दिवशी त्या साडीवाल्या बाईले तुमी 'शिकवते' म्हनल्या नं. मी आयकलं. म्हटलं, हिचा फिटला वाटते, पन आपल्याले सांगितलं नाई."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी सोसला असता. तिला खरंच वाटत होतं की त्या दिवशी माझ्या आईचा नवस फिटला होता, आणि मी तिला तोंड गोड करायला बोलावलं नव्हतं.

सांगायला पाहिजे होतं. तसा काही नवस नव्हता, तुम्हाला पहिल्या दिवशी मी फसवलं, आमच्याकडं सगळ्याच बायका तशा बोलतात. सगळं मनात ओळीनं लागलं होतं, चकत्या लागतात तसं.

"फिटला," मी म्हटलं.

"चांगलं झालं," ती म्हणाली, आणि शेगडीला होईल म्हणून भुशाची एक भरलेली पिशवी माझ्या हातात दिली. नको म्हटलं तरी दिली.

मी उठले. निदान तिच्यापाशी तरी, शेवटचं तरी, आईसारखं म्हणावं असं फार वाटलं. येतो मी. एवढंच. त्या शब्दावर मन एकवटून मी तोंड उघडलं.

"येते मी," माझ्या तोंडून आलं.

"या," ती म्हणाली.